घरचा सोडा टॅप: फेस कुठून येतो, कसा जातो (प्रकल्प नोंदी)

जोडणी. वरून झाकण उघडणारा १५० लिटरचा डीप फ्रीझर, त्याला बाहेरून लावलेला तापमान नियंत्रक. आत १९ लिटरचे दोन बॉल-लॉक केग (पेय दाबाखाली ठेवायच्या स्टीलच्या टाक्या): ‘अ’ मध्ये साधा सोडा, ‘ब’ मध्ये आलं-लिंबू. झाकणावर दोन नळांचा स्टीलचा टॉवर. फूड ग्रेड कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर फ्रीझरच्या बाहेर, त्यावर दोन स्वतंत्र आउटलेटचा रेग्युलेटर (वायूचा दाब ठरावीक ठेवणारं साधन). पेयाची नळी प्रत्येकी २ मीटर, आतला व्यास ४.८ मिमी. ठिकाण पुणे, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर.

५ एप्रिल २०२५

केग अ, दाब २६ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड). ३०० मिलीचा ग्लास ३ सेकंदांत काठोकाठ भरतो. मिनिटभर थांबून मोजलं तर हाती ११० मिली पाणी, आणि तेही मवाळ. जिभेला चुरचुरायला हवा तो वायू फेसाबरोबर उडून गेलेला. केग ब, २० पीएसआय: तिथेही तीच गत, फक्त आल्याचा फेस दाट आणि बसायला वेळ लावणारा.

साध्या सोड्याचा फेस लगेच बसतो, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज चुकतो. म्हणून यापुढे सगळीकडे एकच मोजमाप: ग्लास काठापर्यंत भरायचा, फेस बसू द्यायचा, उरलेलं पाणी मेजरिंग जगात मोजायचं. सोबत ग्लासातलं तापमान आणि भरायला लागलेला वेळ. पहिला आणि तिसरा ग्लास वेगवेगळा नोंदवायचा. या दोघांतल्या फरकात बरंच निदान दडलेलं असतं.

रेग्युलेटरला हात लावलेला नाही, आणि निदान होईपर्यंत लावायचा नाही. फेस दिसला की दाब कमी करायचा, हा पहिला मोह असतो. त्याने ग्लास हळू भरतो, दोन-चार ग्लास बरे निघतात आणि दुसऱ्या दिवशी फेस दुप्पट होतो. कारण पाण्यात विरघळलेल्या वायूला आत राहण्यासाठी ठरावीक दाब लागतोच. आपला सोडा ४ व्हॉल्यूमचा आहे, म्हणजे १ लिटर पाण्यात ४ लिटर वायू. ४ अंशांना तो धरून ठेवायला पुण्यात गेजवर साधारण २६ पीएसआय लागतात. पाणी १० अंशांना गेलं की ३५. ३० अंशांना तब्बल ७५. गेजवरचा दाब या आकड्याखाली गेला की वायू नळीतच सुटायला लागतो, मग नळातून पाणी नाही, बुडबुडे येतात.

(कार्बोनेशनचे छापील तक्ते समुद्रसपाटीचे असतात. पुण्यात हवेचा दाब जवळपास १ पीएसआयने कमी, म्हणून तक्त्यातल्या आकड्यात १ मिळवायचा. २५ चे २६ झाले ते यामुळे.)

७ एप्रिल

पहिला बुडबुडा कुठे जन्मतो ते शोधलं. फ्रीझरचं झाकण उघडं, नळीमागे टॉर्च, एकाने नळ पूर्ण उघडायचा आणि दुसऱ्याने नळीकडे बघायचं. नळी पारदर्शक असेपर्यंतच ही चाचणी करता येते, म्हणून नळी बदलण्याआधी ती उरकावी.

केगच्या तोंडाशीच, डिस्कनेक्टमधून (नळी केगला जोडणाऱ्या टोपणातून) बाहेर पडतानाच बुडबुडे असतील तर दोष केगच्या आत: डिप ट्यूबची (केगच्या तळातून पेय वर आणणाऱ्या नळीची) ओ-रिंग, पॉपेट (केगच्या तोंडातली स्प्रिंगची झडप) किंवा डिस्कनेक्ट. नळ बंद असताना नळीच्या वरच्या वळणात वायूचे लांब कप्पे साठत असतील तर दाब अपुरा किंवा केग गरम. नळी खालून स्वच्छ आणि टॉवरमध्ये शिरताना पांढरी होत असेल तर टॉवर गरम. नळीभर काहीच नाही, नळाच्या तोंडाशीच उसळी, तर नळी आखूड किंवा नळ खराब.

केग अ: कप्पे आहेत, टॉवरखालीही पांढुरकं होतंय, आणि तोंडाशी उसळी. तीन दोष एकावर एक. केग ब: हे सगळं आहेच, शिवाय डिस्कनेक्टपासूनच बारीक बुडबुड्यांची अखंड माळ.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर बदलानंतर तीच मोजणी करायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

८ एप्रिल

केग ब उघडला. आधी गॅसचा डिस्कनेक्ट काढून झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून सगळा दाब सोडला. हे न करता पोस्टला (केगवरचं तोंड, ज्यावर डिस्कनेक्ट बसतो) पाना लावायचा नाही, कधीच. मग डीप सॉकेटने लिक्विड पोस्ट सोडवला (केगच्या मेकनुसार साधारण १७ ते २२ मिमी).

डिप ट्यूबच्या गळ्याखाली जी छोटी ओ-रिंग असते ती एका बाजूने चपटी झालेली, नखाने दाबली तर चीर उघडते. हा दोष फसवा आहे. बाहेर काहीच गळत नाही, साबणाच्या पाण्याने तपासलं तरी बुडबुडा दिसत नाही, कारण गळती केगच्या आतल्या आत असते: पाण्यावरचा वायू चिरेतून पोस्टमध्ये शिरतो आणि बाहेर पडणाऱ्या पेयात मिसळतो. नवी फूड ग्रेड सिलिकॉनची रिंग टाकली, फूड ग्रेड ग्रीसचा पातळ हात दिला.

पॉपेटच्या तीन पायांत आल्याच्या तंतूंचा पुंजका अडकलेला, ओला केस असावा तसा पिवळसर गुंडा. तेवढ्या अडथळ्यामागे दाब एकदम पडतो आणि वायू सुटतो. चिमट्याने काढला, पॉपेट गरम पाण्यात धुतला. जोडणी पूर्ववत केल्यावर डिस्कनेक्टपासूनची माळ गेली. फेस अजून आहे, पण आता दोन्ही केगचं दुखणं एकच.

१२ एप्रिल

तापमान. नियंत्रकावर ४ अंश दिसतात, पण त्याचा प्रोब फ्रीझरच्या तळाशी हवेत लोंबकळत होता. दुसऱ्या थर्मामीटरने मोजलं: तळाशी ३, केगच्या गळ्याशी ८, झाकणाखाली जिथे नळीचं वेटोळं ठेवलंय तिथे ११. थंड हवा खाली बसते, आणि चेस्ट फ्रीझरमध्ये ती हलवणारं काही नसतं. म्हणजे पेय ३ अंशांच्या तळातून निघून ११ अंशांच्या नळीत जाऊन पडून राहतं. कप्पे का साठत होते ते इथे उलगडलं.

प्रोब केगच्या अंगाला, उंचीच्या मध्यावर टेपने चिकटवून वर फोमचा तुकडा लावला, म्हणजे तो हवेचं नाही, पेयाचं तापमान वाचेल. नियंत्रकात चालू-बंदमधला फरक १ अंश, कॉम्प्रेसरची विश्रांती ५ मिनिटं. तळाशी १२ व्होल्टचा संगणकातला पंखा, तोंड वर, कायम चालू. एका रात्रीत तळ ४, गळा ४.५, झाकणाखाली ५.५.

तापमान बदलल्यावर लगेच मोजणी करू नये. १९ लिटर पाणी थंड व्हायला अख्खा दिवस जातो. देखभालीसाठी दुपारभर वीज गेली तरी तेच: त्या संध्याकाळच्या फेसावरून काही ठरवू नये, झाकण न उघडता सकाळपर्यंत वाट पाहावी.

१३ एप्रिल

केग अ, तिसरा ग्लास: १५० मिली. कप्पे दिसत नाहीत. पहिला ग्लास मात्र अजून ११५.

१५ एप्रिल

टॉवर. खोलीत ३७ अंश, टॉवरच्या आत नळाच्या मागे मोजले तर ३१. नळीतलं पाणी तिथे फार नसतं, ४० सेंटिमीटरला जेमतेम ७ मिली. खरा त्रास धातूचा: शँक (टॉवरच्या भिंतीतून नळापर्यंत जाणारा धातूचा नळकांडा) आणि नळ मिळून पाव-अर्धा किलो तापलेलं स्टील किंवा पितळ, आणि पहिल्या ग्लासातलं सगळं पाणी त्याला घासून जातं. पहिला ग्लास फेसाळ आणि तिसरा बरा, असं असेल तर बहुतेक वेळा उत्तर टॉवरमध्ये असतं.

उपाय असा. ५० मिमीचा १२ व्होल्ट ब्लोअर फ्रीझरच्या तळाशी. त्याच्या तोंडाला २५ मिमीचा लवचीक पाइप, तो टॉवरमधून वर नेऊन टोक शँकला टेकेल इतका लांब. हवा वर सोडली की ती टॉवरमधून आपोआप खाली फ्रीझरमध्ये परत येते. त्यासाठी झाकणातलं भोक दोन्ही नळ्या आणि पाइप जाऊन मोकळं राहील इतकं हवं. आमचं ५० मिमीचं होतं, ६५ चं केलं. भोक पाडण्याआधी झाकणात वायर नाही ना ते बघावं. टॉवरला आतून, एसीच्या पाइपावर घालतात तो काळा नायट्राइल फोम, ९ मिमी जाडीचा. जोड टेपने बंद केले, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी सुटून सगळं ओलं राहील.

दोन तासांनी शँकपाशी ९ अंश. पहिला ग्लास १४०, तिसरा १५५. फरक जवळपास मिटला. उरलेला दोष आता दोन्ही ग्लासांत सारखा आहे, म्हणजेच नळीचा.

१९ एप्रिल

आजची नोंद मोठी, कारण घरच्या सोडा टॅपचं मुख्य दुखणं हेच आहे.

केगमध्ये २६ पीएसआय, ग्लासात शून्य. मधला सगळा दाब वाटेत कुठेतरी खर्च व्हायला हवा. तो नळीच्या लांबीत हळूहळू खर्च झाला तर वायू पाण्यात शांत राहतो. नळाच्या तोंडाशी एका झटक्यात खर्च झाला तर सोडा फुटतो. दोन मीटरच्या नळीत तो खर्च होतच नाही, म्हणून ग्लास ३ सेकंदांत भरतो. बाजारातल्या तयार संचांबरोबर येणारी नळी बिअरच्या हिशेबाची असते, १० ते १२ पीएसआयसाठी, आणि त्यालाही बरेचदा आखूडच. सोड्याचा दाब दुपटीहून जास्त. बिअरचा संच घेऊन सोडा भरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतोच, त्यात संचाची चूक नाही.

घरगुती जोडणीला चालणारा ढोबळ नियम: ४.८ मिमी नळी असेल तर दर पीएसआयला एक फूट. म्हणजे २६ पीएसआयला ८ मीटर, आणि हे कमीत कमी. हॉटेलांचे तक्ते यापेक्षा बरीच आखूड नळी सांगतात, कारण त्यांना मिनिटाला जवळपास ४ लिटर ओतायचं असतं आणि पेय बिअर असतं.

व्यास कमी केला तर लांबी झपाट्याने घटते. प्रवाह तोच ठेवला तर विरोध व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. इथे कामाला येते ती वॉटर प्युरिफायरची पाव इंची पांढरी नळी. कुठल्याही आरओ दुरुस्तीच्या दुकानात मिळते, अन्नपाण्यासाठीच बनवलेली, आणि या दाबाला घाबरत नाही. आतला व्यास साधारण ४.३ मिमी. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक विरोध दीडपटीहून जास्त वाढवतो. घेताना आतला व्यास मोजून घ्या, भिंतीची जाडी सगळ्या मेकची सारखी नसते.

हिशेब: नळ केगच्या मध्यापेक्षा ८० सेंटिमीटर वर, तिथे १ पीएसआय जातो. डिस्कनेक्ट आणि शँकमध्ये आणखी १-२. उरलेले साधारण २३ नळीने खायचे. सेकंदाला ३० मिली प्रवाह हवा, म्हणजे ३०० मिली १० सेकंदांत. त्यासाठी ४.३ मिमीची ९ मीटर नळी. आल्याला २० पीएसआय, तिथे साडेसहा मीटर.

नळी कापताना आधी लांबच ठेवावी, मग ३०-३० सेंटिमीटरने कमी करत जावं. आखूड कापलेली नळी परत लांब होत नाही. वेटोळं २० सेंटिमीटर व्यासाचं, आडवं, केगच्या डोक्यावर, केबल टायने सैल बांधलेलं. ही नळी कडक असते, १० सेंटिमीटरपेक्षा लहान वळणाला मुडपते, आणि मुडपलेली जागा पॉपेटमधल्या तंतूंच्या पुंजक्याइतकाच फेस करते. जोड पुश-फिटचे (नळी नुसती दाबून बसवायचे); टोक ब्लेडने काटकोनात कापलेलं हवं. तिरकं कापलं तर पुश-फिटमध्ये पाणी गळू शकतं, आणि गळलं नाही तरी कडेला भोवरा होतो.

निकाल, केग अ: वेळ १० सेकंद, पहिला ग्लास २३५, तिसरा २५५. केग ब: वेळ ११, तिसरा २१०.

२० एप्रिल

नळ अर्धवट उघडून ‘हळू ओतणं’ बंद. अर्ध्या उघड्या नळात दाब त्या फटीत पडतो आणि २५५ चे १६० होतात. नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा, ग्लास तिरपा, नळाचं तोंड पाण्यात बुडवायचं नाही. ग्लास आधी थंड पाण्याने विसळून घ्यावा. कोरड्या ग्लासातल्या धुळीच्या कणावर आणि फडक्याच्या तंतूंवर बुडबुडे धरतात.

२६ एप्रिल

केग ब अजून मागे. साध्या सोड्यात न येणाऱ्या अडचणी इथे येतात: आल्याच्या रसात तंतू असतात, पिष्ट असतं, लिंबाचा चोथा असतो, आणि यांतल्या प्रत्येक कणावर बुडबुडा जन्माला येतो.

कृती बदलली. १९ लिटरच्या केगमध्ये १७.५ लिटर पेय, वर दीड लिटर जागा मोकळी. त्यासाठी ९०० ग्रॅम आलं किसून, पिळून रस काढला आणि फ्रीजमध्ये रात्रभर न हलवता ठेवला. सकाळी तळाला पांढराशुभ्र साका बसलेला असतो, चमच्याने खरवडावा लागेल इतका घट्ट. हे आल्याचं पिष्ट. वरचा रस अलगद ओतून घेतला, साका टाकून दिला. मग रस दुहेरी मलमलीतून. लिंबाचा रस आधी चहाच्या गाळणीतून, मग त्याच मलमलीतून. साखर १.४ किलो, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, गार करून. न विरघळलेला साखरेचा एक कणही केगमध्ये जाता कामा नये.

पाणी ४ अंशांपर्यंत थंड करून मगच केगमध्ये. मग झाकण लावून वायूचा दाब द्यायचा, सेफ्टी व्हॉल्व्हने सोडायचा, असं पाच-सहा वेळा. वर अडकलेली हवा राहिली तर दोन तोटे: तिच्या वाटणीचा दाब गेजवर दिसतो पण कार्बोनेशन करत नाही, आणि पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांना सुरुवात करून देते. शीतपेयांच्या कारखान्यांत भरण्याआधी पाण्यातली हवा काढून टाकतात ती याच कारणाने.

डिप ट्यूब तळापासून १५ मिमी कापली. उरलासुरला साका तिथेच राहील. शेवटचा पाव लिटर सोडून द्यावा लागतो, तो सोडावा.

३ मे

केग ब, तिसरा ग्लास २५०. दाट फेसाचा पातळ थर राहतो, तो आल्याला शोभतो. इथे थांबलो.

केग अ मात्र बिघडला: २५५ वरून २०५. सोडा जास्त झोंबतो. गेज बघितलं तर ३१. कोणी हात लावलेला नाही. केगकडचा व्हॉल्व्ह बंद करून गेजवर लक्ष ठेवलं: २६ ला लावलेला काटा रात्रीतून ३३ वर. रेग्युलेटरची सीट (आतली वायू अडवणारी बैठक) गळतेय, उच्च दाबाचा वायू थेंबाथेंबाने खालच्या बाजूला झिरपतोय. सीट आणि डायफ्रामचा संच बदलला. रेग्युलेटर उघडायचा तर सिलिंडर बंद करून, सगळा दाब सोडून; जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावं.

जास्त कार्बोनेट झालेला केग उतरवायला: गॅस काढून ठेवायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह दर अर्ध्या तासाने २-३ सेकंद ओढायचा. मग केग नीट हलवून १० मिनिटं थांबायचं आणि झाकणावर गेज लावून दाब वाचायचा. ४ अंशांना तो २६ आला की पाण्यात ४ व्हॉल्यूम आहेत. रेग्युलेटर काय म्हणतो ते नाही, पाणी काय म्हणतं ते या चाचणीत कळतं. गेज ०-६० पीएसआयचं घ्यावं. ०-१६० च्या छोट्या डायलवर २६ आणि २९ मधला फरक दिसत नाही.

सिलिंडरच्या बाजूच्या मोठ्या गेजवरही उन्हाळ्यात विश्वास ठेवू नये. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, त्यामुळे काटा दिवसाच्या उकाड्याप्रमाणे हलतो. किती वायू उरलाय ते वजनावर ठरवायचं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. सिलिंडर कायम उभा आणि साखळीने बांधलेला. जिथे ठेवलाय तिथली खिडकी बंद करून झोपू नये: हा वायू जड, खाली साठतो, वास नाही.

१० मे

धुणं. साखरेच्या पेयाची नळी दर दोन आठवड्यांनी. ५० अंशांचं पाणी, त्यात लिटरला ५ ग्रॅम सोडियम परकार्बोनेट, १५-२० मिनिटं छोट्या पंपाने फिरवायचं, मग साध्या पाण्याने भरपूर. बोअरचं पाणी वापरत असाल तर अधूनमधून २ टक्के सायट्रिक ॲसिड, क्षार निघतात. दोन्ही एकत्र कधीच नाही, मध्ये पाण्याने धुऊन. क्लोरीनचं ब्लीच स्टीलच्या केगला आणि नळाला लावायचं नाही, खड्डे पडतात.

आल्याच्या नळाचा दांडा चिकट झाला होता. हा नळ मागे बंद होणारा आहे, म्हणजे बंद केल्यावर पुढची नळी उघडी राहते, आतली साखर वाळते, मुंग्या येतात, आणि त्या खडबडीत थरावर पुढच्या ग्लासचा फेस होतो. त्या जागी तोंडाशीच बंद होणारा स्टीलचा नळ बसवला. पहिला ग्लास २२५ वरून २४५. गोड पेयाला हाच नळ घ्यावा. साध्या सोड्याला जुना चालतो.

१७ मे

केग ब मध्ये आल्याऐवजी कोकम. अमृत कोकम १ भाग, पाणी ६ भाग, १८ पीएसआय. कोकमाचा गर मलमलीतून जातो, पण दुसऱ्या दिवशी परत गाळ धरतो, म्हणून भरण्याआधी एक रात्र थंडीत ठेवून वरचं निवळ घेतलं. तिसरा ग्लास २३५, फेस गुलाबी आणि चिवट. आगळ वापरायचं तर त्यात मीठ असतं, ते आधी पाण्यात पुरतं विरघळवून घ्यावं.

जिरे मसाला ग्लासात कोरडा टाकून वर सोडा सोडला तर कुठलीही जोडणी हरते. मिठाचा प्रत्येक दाणा वायू सोडवतो. मसाला थोड्या पाण्यात कालवून, गाळून, त्याचा अर्क ग्लासात घ्यावा आणि सोडा त्यावर.

२४ मे

सध्याची स्थिती. केग अ: ४ अंश, २६ पीएसआय, ९ मीटर, १० सेकंद, पहिला ग्लास २५०, तिसरा २६०. केग ब: ४ अंश, १८ पीएसआय, साडेसहा मीटर, १२ सेकंद, पहिला २३०, तिसरा २४०.

कोकम १२ सेकंद घेतं. दाब आल्यापेक्षा कमी असल्यामुळे ही नळी ६० सेंटिमीटरने कापता येईल, पण आल्याच्या पाळीला ती परत आखूड पडेल. म्हणून तशीच ठेवली आहे.

केग अ मध्ये आता दीडेक लिटर उरलाय. अगदी शेवटी डिप ट्यूबमधून पाण्याबरोबर वायू ओढला जाऊ लागेल आणि नळ थुंकू लागेल. तेव्हा काही दुरुस्त करायला जाऊ नये, केग बदलावा.